ज्याचं पाणी, त्याचीच बाटली

धाकट्या बहिणीचा नवरा बादली घेऊन थेट प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा थोरली बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. बादलीत मासे होते. मेलेले, पांढरी पोटं वर केलेले. तो उंबऱ्यापाशी पोचायच्या आधी वास आत पोचला होता.

"ताई, एवढंच सांगा," तो म्हणाला. "हे मेलेत ना? की तुमच्या कागदावर हेही पोहतायत?"

थोरलीने बादलीत पाहिलं. नदीत सोडलेलं पाणी योग्य आहे असं सांगणाऱ्या प्रत्येक अहवालाखाली तिचीच सही होती.

शहराचं सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प पालिकेने एका कंपनीला चालवायला दिला होता. प्रकल्प दिला, त्याबरोबर प्रयोगशाळाही दिली, आणि प्रयोगशाळेबरोबर थोरलीही गेली, खुर्ची-टेबलासारखी. शुद्ध झालेलं पाणी नदीत जायचं. त्याच नदीच्या खालच्या अंगाला धाकटीची आणि तिच्या नवऱ्याची दोन तळी होती, एक मोठं, एक लहान. तो मत्स्यपालन करायचा, म्हणून सगळे त्याला तळेवाला म्हणत. तळ्यातलं पाणी उन्हाने खाली गेलं की तो व्हॉल्व्ह फिरवून नदीचं पाणी आत घ्यायचा. या उन्हाळ्यात त्याने लहान तळ्यात तसंच घेतलं आणि सकाळी सगळं तळं पांढरं झालेलं पाहिलं.

"पहिली खेप गेली," तो म्हणाला. "आता दुसरी आहे, मोठ्या तळ्यात. पिल्लं सोडली होती, ती आता बोटुकली झालीत, बोटाएवढी. पाणी रोज उतरतंय. आज ना उद्या नदीचं घ्यावंच लागणार. घेऊ का नको, ते तुम्ही सांगा. ही खेप गेली तर तळी बुजवून टाकतो आणि शहरात कुणाच्या तरी दाराशी वॉचमन म्हणून बसतो."

"मला थोडे दिवस दे."

"दिवस उन्हाकडे मागा, ताई. माझ्याकडे कुठे आहेत?"

बादली मात्र तो तिथेच ठेवून गेला.

थोरलीला पाण्याची परीक्षा झोपेतही करता आली असती. पाणी बाटलीत काठोकाठ भरायचं, बूच घट्ट लावायचं आणि बाटली पाच दिवस अंधारात ठेवायची. पाण्यात घाण असेल तर जिवाणू ती खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. जेवढा प्राणवायू घटला तेवढी घाण. तळ्यात मासे गुदमरतात तेही याच कारणाने, फक्त तिथे बूच नसतं. कंपनीच्या पाण्याच्या बाटल्यांत प्राणवायू जवळपास घटतच नव्हता. कंपनी आल्यापासून घाणीचे आकडे असे खाली आले होते की मॅनेजरने केक कापला होता आणि पहिला तुकडा थोरलीला भरवला होता.

तिने नदीचं पाणी आणलं, प्रकल्पाच्या वरच्या अंगाचं, जिथे अजून काही मिसळलेलं नसतं. एका बाटलीत ते भरलं, दुसरीत कंपनीचं, तिसरीत दोन्ही निम्मं निम्मं. नदीचं पाणी बरं निघणार, कंपनीचं बरं निघणार, आणि मिसळलेलं त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी, असा तिचा हिशोब होता.

पाच दिवसांनी बाटल्या उघडल्या. पहिली चांगली. दुसरी चांगली. तिसरीत प्राणवायू नावालाही उरला नव्हता.

दोन चांगली पाणी एकत्र केली आणि त्यांचं वाईट पाणी झालं. असं होत नसतं. तिने बाटल्या उकळून घेतल्या आणि प्रयोग परत लावला. परत तेच.

मग ती नमुन्याच्या नळापाशी गेली आणि पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं. क्लोरीन. थोडासाच, रोजच्यासारखा. आणि तिथेच, ओली ओंजळ नाकाशी धरलेली असताना, तिला नळाची जुनी जागा आठवली.

नळ पूर्वी क्लोरीनच्या टाकीच्या अलीकडे होता. कंपनीने तो पलीकडे नेला, सावलीत, पायऱ्या चढाव्या लागू नयेत म्हणून. सगळ्यांना बरं वाटलं, तिलाही. क्लोरीन जिवाणू मारतो. बाटली भरताना ती उरलेला क्लोरीन औषध घालून काढून टाकायची, नियमाप्रमाणे. पण क्लोरीन काढला म्हणून मेलेले जिवाणू उठून बसत नाहीत. बाटलीत घाण जशीच्या तशी होती, ती खाणारं कोणी नव्हतं; मिसळलेल्या बाटलीत मात्र नदीच्या पाण्याबरोबर खाणारे आले होते. पाच दिवस ताट वाढून ठेवलं, घरात माणूसच नाही, आणि ताटाला हात लागला नाही म्हणून थोरली लिहीत होती की या घरात अन्नच नाही.

अशा पाण्यात जिवंत जिवाणूंचं थोडं पाणी मुद्दाम घालायचं असतं. प्रयोगशाळेत त्याला विरजणच म्हणत. हे तिला माहीत नव्हतं असं नाही, शिकतानाच घोकलं होतं. नळ अलीकडे होता तोवर विरजणाची गरज नव्हती. नळ हलला आणि विरजणाची आठवण कोणालाच आली नाही. जिला येण्यासारखी होती अशी त्या गावात एकच व्यक्ती होती.

मॅनेजरने तिचं सगळं शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नव्हता. आवाज कधी चढवायचा नाही, आणि म्हणून त्याच्याशी भांडताही यायचं नाही.

"पद्धत मुख्य कार्यालयातून येते," तो म्हणाला. "आपल्या सगळ्या प्रकल्पांत हीच आहे."

"बाकीच्यांचा नळ क्लोरीनच्या अलीकडे असेल, साहेब. आपण विरजण घालायला हवं."

"घातलं तर निकाल बिघडेल."

"बिघडणार नाही. दिसेल."

तो थोडं हसला. "बाई, तुमच्या बहिणीच्या तळ्याचं ऐकलं मी. वाईट झालं. पण घरचं दुखणं दवाखान्यात आणू नये."

"दुखणं दवाखान्यात नाही आणायचं तर कुठे न्यायचं?"

"वर कळवतो मी," तो म्हणाला. आणि त्याने कळवलं असेलही. वरून उत्तर काही आलं नाही.

मग थोरली पालिकेत गेली. आरोग्य विभागातला कारकून तिला ओळखत होता. तिचेच अहवाल तो फायलीला लावायचा.

"तुम्ही कधी आमच्या पाण्याचा नमुना घेता का?" तिने विचारलं.

"आम्ही कशाला? तुम्ही पाठवता ना."

"पण आम्ही काय पाठवतो ते खरं की खोटं, हे कोण बघतं?"

कारकुनाने खरोखरच विचार केला, पेन कानावर ठेवून. "बघणार कशाने? प्रयोगशाळा तर तुम्हालाच दिली. तक्रार द्या लेखी. पुढे पाठवतो."

तिने तक्रार दिली. तिच्यात नळाचं लिहिलं, विरजणाचं लिहिलं, आणि शेवटी मागणी लिहिली. नमुना घेणारा माणूस कंपनीचा नसावा आणि पालिकेचाही नसावा. तो न सांगता यावा, वाटेल त्या वेळी. परीक्षा दुसऱ्या गावी व्हावी आणि निकाल पालिकेच्या दारावर लागावा, जिथे कोणालाही वाचता येईल. पाण्यावर स्वतंत्र देखरेख हवी, एवढंच.

पालिकेने तक्रार खरंच पुढे पाठवली. आठवडाभराने ती कंपनीच्या टपालातून फिरत फिरत प्रयोगशाळेत आली, थोरलीच्याच टेबलावर. वर शेरा होता: संबंधित केमिस्ट यांनी तपासून अहवाल द्यावा.

त्या दिवशी ती एकटीच खोलीत बसून हसली. हसता हसता रडू आलं, ते आवरेना, तेव्हा नळ सोडून तिने तोंड धुतलं. टपाल आणणारा शिपाई दारातून डोकावला आणि दार ओढून गेला.

धाकटी रोज फोन करायची आणि पाण्याबद्दल अवाक्षर काढायची नाही. हे जास्त वाईट होतं. ती विचारायची, जेवलीस का, पाठ दुखते का. मग फोन नवऱ्याकडे द्यायची, आणि तो म्हणायचा, "ताई, काठावरचा दगड उघडा पडला. कालपर्यंत पाण्यात होता."

थोरलीने तीच तक्रार पुन्हा दिली, तेव्हा शेवटी पालिकेच्या समितीने तिला बोलावलं. बैठक सभागृहात नव्हती, मागच्या खोलीत होती, जिथे जुनी कपाटं ठेवलेली असतात. समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. निम्म्या गावाने त्यांच्यापुढे आ केलेला होता, त्यामुळे लोक त्यांच्यासमोर आपोआप नरम बोलत. मॅनेजर आला होता. तळेवालाही मागच्या बाकावर येऊन बसला होता, ओल्या चपलांसकट.

थोरलीने सगळं सांगितलं. जमेल तितकं सोपं करून, वाढलेल्या ताटाचं उदाहरण देऊन. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे बाई, इतके दिवस तुम्ही सही करत होतात ती चुकीची?"

"हो."

"आणि आज सांगताय ते बरोबर?"

"हो."

"मग आम्ही कोणाचं खरं मानायचं? सही करणारीचं, की तक्रार करणारीचं?"

कोणीतरी खुदकन हसलं. थोरलीचे कान तापले. पण प्रश्न रास्त होता, हे तिलाही दिसत होतं. आपण खोट्या ठरलो तरच आपलं म्हणणं खरं, आणि खोटीचं म्हणणं कोण ऐकतो?

"कोणाचंच मानू नका," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "माझं नका मानू, साहेबांचंही नका मानू. मी तेच मागते आहे. आम्हा दोघांशी ज्याचं काही देणंघेणं नाही असा माणूस आणा. तुम्ही पेशंटला सांगता का, की आरशात बघ आणि तुझी दाढ तूच काढ?"

"काहीजण काढतात," मागून तळेवाला म्हणाला. "मग रक्त थांबत नाही."

या वेळी हसू मोठं झालं आणि अध्यक्षही त्यात होते. वातावरण सैल झालं, आणि सैल झालं तिथेच घसरलं. मॅनेजर म्हणाला, कंपनीची काहीच हरकत नाही, पण करारात अशी तरतूद नाही, करार उघडावा लागेल. एक सदस्य म्हणाला, करार उन्हाळ्यानंतर उघडू. दुसरा म्हणाला, तोवर कंपनीनेच अंतर्गत चौकशी करावी.

"उन्हाळ्यानंतर मासे कशात ठेवू?" तळेवाला उठून उभा राहिला. "खिशात? बरं, तुमची प्रयोगशाळा नाही ना? माझी आहे. ताईच्या परीक्षेला पाच दिवस लागतात, माझ्या परीक्षेचा निकाल एका रात्रीत लागतो. उद्या संध्याकाळी मोठ्या तळ्यात नदीचं पाणी घेतो. परवा पहाटे या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तुमच्यापेक्षा स्वतंत्र माणूस या गावात दुसरा कोण?"

"नको," थोरली पटकन म्हणाली. "हा पुरावा होत नाही, आणि ते सगळे—"

"होतो का नाही ते डॉक्टर सांगतील."

अध्यक्षांनी इकडे तिकडे पाहिलं. "येईन मी," ते म्हणाले. "स्वतः येईन."

बाहेरच्या बोळात मॅनेजरने थोरलीला गाठलं आणि तितक्याच शांतपणे सांगितलं की चौकशी होईपर्यंत तिने बाटल्यांना हात लावू नये.

दुसऱ्या दिवशी दुपारीच ती तळ्यावर पोचली. ऊन असं होतं की चिखलाला भेगा पडत होत्या. नोकरी जवळजवळ गेलीच होती, पण सवय जात नाही. तिने तळेवाल्याला निम्मी बोटुकली जाळ्यात धरून लहान तळ्यात न्यायला लावली.

"लहानात नदीचं पाणी घ्यायचं नाही," ती म्हणाली. "नाहीतर उद्या म्हणतील, मासे उन्हानेच मेले."

"निम्मी तरी वाचतील असं म्हणा की सरळ," धाकटी म्हणाली. ती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, जाळ्याचं टोक दातांत धरून.

"तेही."

संध्याकाळी तळेवाल्याने व्हॉल्व्ह फिरवला. पाणी आलं. दिसायला स्वच्छ, गार, फेससुद्धा नाही. तिघंही त्याच्याकडे बघत राहिली. मासे धारेकडे धावत आले, वारा आल्यावर माणसं खिडकीशी येतात तसे.

तळ्याचा श्वास पहाटे सर्वात तोकडा असतो. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, अंधारात तेही घ्यायलाच लागतं. उजाडायच्या सुमारास थोरली काठावर गेली तेव्हा लहान तळं शांत होतं. मोठ्या तळ्यावर पावसाचे थेंब पडावेत तशी वर्तुळं उठत होती. पाऊस नव्हता. तोंडं होती ती. इवलीशी तोंडं वर येऊन हवा गिळत होती.

तळेवाला इंजिनाशी उभा होता. काठावर पाण्यात हवा घुसळणारा पंखा होता, डिझेलवर चालणारा, एकच. पहिल्या खेपेला तो नादुरुस्त होता. आता दोरी ओढली की सुरू होणार होता.

"डॉक्टर?" त्याने विचारलं.

थोरलीने फोन लावला. "निघालोच," अध्यक्ष म्हणाले. मागून चहाच्या पेल्याचा आवाज आला.

"निघालेत," ती म्हणाली.

"मग ओढू दोरी?"

पंखा सुरू केला तर मासे खाली जातील आणि पोहायला लागतील. येणाऱ्याला काय दिसेल? पोहणारे मासे. नाही केला तर त्याला जे दिसायला हवं तेच दिसेल, फक्त त्यासाठी ते मरायला हवेत.

"थांब थोडं," ती म्हणाली. "त्यांना ही तोंडं दिसू देत."

तळेवाला थांबला. दोरी मुठीतच होती. वर्तुळं दाट झाली. रस्ता वळणापर्यंत मोकळा होता. काठाजवळचा एक मासा कलंडला, परत सरळ झाला, परत कलंडला आणि तसाच राहिला. मग आणखी एक.

"ताई," धाकटी म्हणाली.

"येतीलच."

"ताई, तू तिथेही बाटल्याच बघायचीस. आता इथेही?"

धाकटी रागाने बोलली असती तर थोरली कदाचित अजून थांबली असती. ती नुसतीच बोलली, जेवलीस का विचारावं तशी. थोरलीने परत रस्त्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. पाण्यावर आता पोटं दिसू लागली होती, नखाएवढी. ती धावली, तळेवाल्याच्या हातातून दोरी हिसकावून घेतली आणि ओढली. इंजिन खोकलं. परत ओढली. तिसऱ्या हिसक्याला ते धडधडलं आणि पंख्याने पांढरं पाणी उसळवलं.

मासे त्या पांढऱ्या पाण्याकडे ओढले गेले. वर्तुळं विरळ झाली. कलंडलेले काही उठले, काही उठले नाहीत. धाकटीने न उठलेले पदरात गोळा केले आणि झाडाआड ठेवून आली. पुरावा म्हणून ठेवू, हे थोरलीच्या ओठांवर आलं होतं. तिने गिळून टाकलं.

ऊन चढल्यावर अध्यक्षांची गाडी आली. बूट चिखलात जपून टाकत ते काठावर आले आणि वाकले.

"अहो, हे तर छान पोहतायत!" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकी सुटका होती की तिघांनाही त्यांचा राग येऊ शकला नाही. "उगाच घाबरवलंत हो आम्हाला."

थोरली सांगू लागली. पहाट, तोंडं, शेवाळ, झाडाआडचे मासे. शब्द इंजिनाच्या आवाजात बुडत होते आणि तिला स्वतःलाच ती एक बडबडणारी बाई वाटत होती. अध्यक्ष मान हलवत होते, दुखणं लांबवून सांगणाऱ्या पेशंटपुढे हलवतात तशी.

तळेवाला इंजिनापाशी गेला. बंद करायच्या खटक्यावर त्याने अंगठा ठेवला.

"मग बंद करतो, डॉक्टर," तो म्हणाला. "पाणी चांगलं आहे, तर डिझेल कशाला जाळायचं? तुम्ही फक्त हो म्हणा."

अध्यक्षांनी इंजिनाकडे पाहिलं. मग तळ्याकडे. पंख्याभोवती सगळे मासे दाटीने जमले होते, उरलेलं तळं पार रिकामं. एवढं मोठं पाणी सोडून ते त्या एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढत होते.

"बोला," तळेवाला म्हणाला.

"नको," अध्यक्ष म्हणाले. अगदी हळू. "राहू दे चालू."

"का?" थोरली पुढे आली. "का नको? एवढंच समितीत सांगा. मी काही बोलणार नाही, माझी गरज नाही. तुम्ही नको म्हणालात आणि का म्हणालात, एवढंच."

त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला घेतला. तो पुसलेलाच होता.

"समितीत मी एकटा नसतो, बाई," ते म्हणाले. "आणि करार... उन्हाळ्यानंतर बघू. खरंच बघू."

बूट तसेच जपून टाकत ते गाडीकडे गेले. तळेवाल्याने अंगठा खटक्यावरून उचलला आणि हात कुठे ठेवावा हे न सुचून पाठीमागे नेला. थोरली रस्त्याकडे बघत उभी होती.

धाकटीने डिझेलच्या टाकीचं झाकण काढलं, आत काडी घातली आणि बाहेर काढून उन्हात धरली. काडी जेमतेम टोकाला ओली होती.

"दुपारपर्यंत पुरेल," ती म्हणाली.